दुसरी स्पोर्ट्स कार आणि आमच्या वहीतला चारचा आकडा



या वेळी उन्हाळी वाळवणावर लिहायचं कबूल केलं होतं. कांदा-लसणाशिवायचे सांडगे कसे खमंग होतात ते विचारणारे बरेच निरोप आले आहेत. ते पुढच्या वेळी नक्की. आज दुसराच विषय घेते, कारण आमच्या घरात सहा महिने तोच चालू आहे आणि परवा बस्तीच्या ओट्यावर बसलेलो असताना कळलं की तो फक्त आमच्याच घरात नाही. आम्ही पाच जणी होतो. पैकी तिघींच्या घरी "अजून एक गाडी" हा प्रश्न या ना त्या रूपात आलेला आहे. एकीकडे दुसरी मोठी एसयूव्ही, एकीकडे मुलाची बाइक आणि आमच्याकडे, सांगायला जरा संकोच वाटतो, दुसरी स्पोर्ट्स कार.

म्हणजे पहिली आहे. ते आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई आम्हाला अपरिग्रह शिकवते आणि हिच्या पोर्चमध्ये पोर्शे. आहे. २०२१ मध्ये घेतली, ९११, करड्या रंगाची. आमच्या यांचं हे वीस वर्षांचं स्वप्न होतं. कारखान्याचं कर्ज फिटलं, दोन्ही नणंदांची लग्नं झाली, अण्णांचं म्हणजे माझ्या सासऱ्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं, आणि मग त्यांनी ती घेतली. मी तेव्हा नाही म्हटलं नाही. उलट पन्हाळ्याच्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला मी स्वतः ती चालवली आहे, आणि गाडी वळणातून बाहेर येताना मागून इंजिनाचा जो घुमणारा आवाज येतो ना, तो मला आवडतो. खोटं कशाला बोलू.

तर आता दुसरी. गेल्या दिवाळीपासून रोज रात्री जेवणं उरकली (अर्थात सूर्यास्ताच्या आत) की हे आणि माझा मुलगा मोबाइल घेऊन बसतात. दीर पुण्याहून व्हिडिओ कॉलवर असतात. चर्चेचा एकच मुद्दा, पहिलीला पूरक अशी दुसरी कोणती? मी सुरुवातीला लक्ष देत नव्हते. पण चपात्या लाटताना कान थोडेच बंद होतात. सहा महिन्यांत मला या विषयातलं इतकं कळायला लागलं आहे की परवा मीच मुलाला सांगितलं, अरे ती हुराकान २०२४ मध्येच बंद झाली, आता तिच्या जागी टेमेरारिओ आली, तिच्यात दहा सिलिंडर नाहीत, आठ आहेत आणि वर तीन विजेच्या मोटर. तो माझ्याकडे बघतच राहिला.

मला जे कळलं ते तुम्हालाही सांगते, कारण घरातल्या पुरुषांशी या विषयावर बोलायचं तर नुसतं "पाप लागेल" म्हणून चालत नाही. त्यांच्या भाषेत बोलावं लागतं.

९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. १९६३ मध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली तेव्हापासून आजपर्यंत ते तिथेच आहे. पुढे डिकी, मागे इंजिन. आमची आठ गिअरची ऑटोमॅटिक आहे, तिला दोनच पेडल. मागे दोन सीट आहेत, त्यांवर माणूस बसत नाही, आम्ही तिथे कुंभोजच्या बाहुबलीला जाताना पूजेच्या साहित्याची पिशवी ठेवतो. हिला पूरक म्हणजे काय, तर जे हिच्यात नाही ते दुसरीत हवं. यांच्या मित्रमंडळींत हा नियमच आहे, आणि माझ्या मते तो शहाणा नियम आहे. इंजिन पुढे असलेली घ्या किंवा मधोमध असलेली. छत उघडणारी घ्या. क्लच आणि हाताने गिअर टाकायची घ्या. किंवा सरळ विजेवरची घ्या. पण पहिलीसारखीच, फक्त जास्त वेगवान, अशी घेऊ नका.

या शेवटच्या वाक्यावर आमच्याकडे सगळ्यांत जास्त भांडण झालं. मुलाला लॅम्बोर्गिनी हवी. का? तर ती जास्त पळते. मी त्याला विचारलं, आपली सध्याची गाडी शंभरचा वेग किती सेकंदांत गाठते? म्हणाला, चार-सव्वाचार. पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवर सपाटीला मर्यादा किती? शंभर. समृद्धीवर? एकशेवीस. म्हणजे कायद्याने जेवढं चालवता येतं तेवढं ही गाडी तू "णमो अरिहंताणं" म्हणेपर्यंत संपवते. मग त्याच्या पुढच्या वेगाचे पैसे कशासाठी द्यायचे? ट्रॅकवर नेणार असशील तर गोष्ट वेगळी, पण आपण कोल्हापुरात राहतो, इथून रेसट्रॅक चेन्नईला किंवा कोइमतूरला. त्यावर तो गप्प बसला. दीर मात्र फोनवर हसले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर आमच्या ग्रुपवर यायला हव्यात."

म्हणून यादीतून आधी लॅम्बोर्गिनी गेली. मग मर्सिडीजची एसएल आली, कापडी छताची. छान आहे, पण आमच्याकडे छत उघडून फिरायचे दिवस मोजून बघा. मार्च ते मे ऊन, जून ते सप्टेंबर पाऊस, साखर कारखाने सुरू झाले की रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या आणि हवेत पाचटाची राख. विजेवरच्या दोन पाहिल्या, त्यांतली सायबरस्टर ही कात्रीसारख्या वर उघडणाऱ्या दारांची, मुलाला फार आवडली. पण हे म्हणाले, आवाज नसलेली स्पोर्ट्स कार म्हणजे मिठाशिवायचं वरण. (हे बोलणारा माणूस दशलक्षणात दहा दिवस रसत्यागात मीठ सोडतो, हे नोंदवून ठेवते.) शेवटी राहिली बीएमडब्ल्यूची एम२. इंजिन पुढे, ओळीत सहा सिलिंडर, जोर मागच्या चाकांना, आणि भारतात ती सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये मिळते. किंमत कोटीच्या आसपास, म्हणजे पहिलीच्या निम्मी. वेगाने पहिलीच्या पुढे नाही, पण चालवणाऱ्याला हातापायांनी काम करावं लागतं.

नुसतं पूरकपणाच्या दृष्टीने बघाल तर माझं मत या एम२ लाच. दोन पेडलच्या गाडीला तीन पेडलची जोड. मागच्या इंजिनाला पुढचं इंजिन. आणि ज्या माणसाने वडिलांच्या फियाटवर गाडी शिकली, त्याला पन्नाशीत क्लच दाबायची हौस वाटते, यात मला काही वावगं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र शोरूममध्ये आम्हाला मीच विचारावी लागली. चामडं. या गाड्यांत चामडं सीटपुरतं नसतं. स्टिअरिंगवर असतं, गिअरच्या मुठीवर असतं, दाराच्या हाताला, डॅशबोर्डच्या वरच्या पट्टीला असतं. तुम्ही "सीट लेदरची नको" म्हणालात की सीट बदलून देतात आणि बाकीचं तसंच राहतं. पहिल्या गाडीच्या वेळी आमचं तेच झालं. वर्षभराने मला कळलं की मी ज्या स्टिअरिंगला हात लावून णमोकार म्हणत होते ते चामड्याचंच. पुढे ते बदलून घेतलं, खर्च झाला तो झाला. तेव्हा सांगते, ऑर्डर देण्याआधी एकेका भागाचं नाव घेऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. कृत्रिम चामड्याला कंपन्या वेगवेगळी गोड नावं देतात, मर्सिडीजचं आर्टिको, बीएमडब्ल्यूचं सेन्साटेक. अल्कांतारा हे सुएडसारखं दिसलं तरी ते कापड कृत्रिम धाग्याचं असतं. पोर्शेने टायकान काढली तेव्हापासून पूर्ण बिनचामड्याची आतली सजावट तिच्यात मागून घेता येते. म्हणजे मिळतं, पण मागावं लागतं. एका शोरूममधल्या तरुणाने मला ऐकवलं, "मॅडम, या रेंजला सगळे लेदरच मागतात." मी म्हटलं, बाळ, मग आज एक न मागणारी आली असं लिहून घे.

यावर यांनी मला काय विचारलं असेल? "तुझ्या कपाटात पैठण्या किती आहेत?" बरोबर आहे त्यांचं. अकरा आहेत. एक पैठणी विणायला किती कोशेटे उकळत्या पाण्यात जातात ते मला माहीत आहे. २०१९ नंतर मी नवीन रेशीम घेतलेलं नाही, पण जुन्या आहेत, आणि लग्नात मी त्या नेसते. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण लिहिलं नाही तर पुढचं लिहायचा मला हक्क राहत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते.

आमच्या घरात एक वही आहे. २०२२ च्या दशलक्षणात, आकिंचन्य धर्माच्या दिवशी, आम्ही दोघांनी महाराजांसमोर परिग्रह परिमाण घेतलं. आधी घरी बसून आठवडाभर आकडे ठरवले होते. शेती किती एकर, घरं किती, सोनं किती तोळे, भांडी, कपडे. आणि वाहनं. कारखान्याचे टेंपो धंद्यात धरले, ते वेगळे. घरची चारचाकी वाहनं मात्र चार, असं यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे. तेव्हा दारात चारच होती, म्हणून चार. खाली दोघांच्या सह्या.

आजही चारच आहेत. इनोव्हा, मुलाची विजेवरची नेक्सॉन, पोर्शे आणि माझी २०१६ ची वॅगन-आर. एम२ आली की पाच.

ही गोष्ट मी पहिल्या महिन्यात बोलून दाखवली नाही. वाटलं, यांच्या लक्षात येईल. लक्षात आलंही. आणि मग जे सुरू झालं ते मला तुम्हाला सांगायचं आहे, कारण हुशार माणूस व्रत मोडत नाही, तो त्याचा हिशेब बदलतो.

पहिला उपाय निघाला तो कंपनीच्या नावावर घ्यायचा. घसाराही मिळेल आणि वहीतला आकडाही चारच राहील. सीएनेच सुचवलं म्हणे. मी म्हटलं, सीएला आयकराचं कळतं. ती गाडी कारखान्याचं सूत वाहणार आहे का? उभी कुठे राहणार? पोर्चमध्ये. चालवणार कोण? तुम्ही. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची व्याख्या करताना मालकीच्या कागदाला हात घातलेला नाही, मूर्च्छेला घातला आहे, म्हणजे वस्तूवरच्या आसक्तीला. आरसी बुकात कुणाचंही नाव असो, झोपेत मॉडेल नंबर कोण बडबडतं ते मला माहीत आहे.

दुसरा उपाय दिरांच्या एका मित्राचा, तो तर फारच चलाख. दुसऱ्या राज्यात पत्ता दाखवून तिथे नोंदणी करायची, म्हणजे कर वाचतो. कर थोडा नाहीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के झाला. बाहेरून पूर्ण बांधून आलेल्या महागड्या गाडीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानंतरही आयातीचा एकूण भार ११० टक्क्यांच्या घरात होता. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर, ज्याची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली. माणसाला पळवाट सुचते ती यामुळेच. पण आपण शिबिरात अचौर्य अणुव्रताचे अतिचार पाठ केले आहेत ना? त्यात विरुद्ध राज्यातिक्रम आहे. राज्याचा नियम चुकवून मिळवलेलं. खोट्या पत्त्यावरची नंबरप्लेट याहून वेगळी काय असते? हा उपाय यांनी स्वतःच बाजूला ठेवला, हे त्यांच्या बाजूने सांगते.

तिसरा उपाय मात्र माझ्या जिव्हारी लागला.

एका संध्याकाळी हे चहा घेताना सहज म्हणाले, "तुझी वॅगन-आर आता जुनी झाली. ती काढून टाकू. तुला कुठे जायचं असलं तर इनोव्हा आहे, ड्रायव्हर आहे. म्हणजे चारच राहतील. व्रतही राहिलं."

गणित बरोबर होतं. चारातून एक गेली, एक आली, चार. यांच्या चेहऱ्यावर अडचण सुटल्याचा आनंद होता, आणि त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं हेही मला ठाऊक आहे. सासूबाई शेजारी बसून गहू निवडत होत्या. त्यांनी ताटातून मान वर केली नाही. फक्त म्हणाल्या, "तुझ्या अण्णांनी बुलेट घेतली तेव्हा माझी शिलाई मशीन नणंदेकडे गेली होती. जागा नव्हती म्हणे."

चाळीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. मलाही नाही.

मैत्रिणींनो, मी त्या वॅगन-आरचा हिशेब काढला. दहा वर्षांत एक लाख अठरा हजार किलोमीटर. रोज सकाळी बस्ती. आहाराच्या चौक्याला दूध-भाजी. पाठशाळेची पाच मुलं. सासूबाईंची फिजिओथेरपी. माझ्या आईच्या शेवटच्या दोन महिन्यांत सांगली-कोल्हापूर आठवड्यातून चार वेळा, कधी पहाटे, कधी अपरात्री, कुणाला न विचारता, ड्रायव्हरला न उठवता. आणि पोर्शेचा हिशेब? चार वर्षांत नऊ हजार दोनशे. वर्षाला तेवीसशे. पावसाळ्याचे चार महिने ती कव्हरखालीच असते. आमच्या घरात चातुर्मास सगळ्यांत कडक पाळते ती गाडीच, असं मी म्हणते.

आणि उभ्या गाडीचं म्हणाल तर ती उभी असली म्हणून स्वस्थ नसते. बॅटरीला चार्जर लावून ठेवावा लागतो. टायर झिजत नाहीत पण म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे असतात, ते वाचायला शिका. ३२२१ असेल तर २०२१ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. आमचे टायर अजून नव्यासारखे दिसतात आणि तरी बदलायची वेळ जवळ येते आहे. ब्रेकचं तेल गाडी चालो न चालो, मुदतीने बदलायचं. विमा वर्षाचा वर्षाला. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण पाहिला आहे, त्यामुळे इंजिनात पाणी शिरल्याचं वेगळं संरक्षण विम्यात घ्यावं लागतं, ते न घेणाऱ्यांचे हाल आमच्या ओळखीत झाले आहेत. आणि उंदीर. महिनाभर उभ्या गाडीच्या इंजिनापाशी उंदराने संसार थाटला होता, वायरी कुरतडून, कापूस आणून. पिलं होती. इंजिन चालू केलं असतं तर काय झालं असतं, विचार करा. मीच त्यांना सुपात घेऊन गोठ्यामागे ठेवून आले. तेव्हापासून खाली जाळी बसवली आणि आठवड्यातून एकदा इंजिनावरचं झाकण उघडून बघायचं काम माझ्याकडे आलं. आता अशा दोन. बघणार कोण? यावर यांच्या ग्रुपवर चर्चा होत नाही.

रत्नकरंड श्रावकाचार आपल्यापैकी बहुतेकींनी वाचला आहे. समंतभद्र आचार्यांनी परिग्रह परिमाणाचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला पहिला कोणता, आठवतो? अतिवाहन. दुसरा अतिसंग्रह. मी लहानपणी पाठ केलं तेव्हा पंडितजींनी अर्थ सांगितला होता, लोभापायी बैलांना झेपेल त्याच्या पलीकडे हाकणं. पुढे दुसऱ्या एका विवेचनात वाचलं की गरजेपेक्षा जास्त वाहनं ठेवणं. दोन्ही अर्थ चालतात. आमच्या मुलाला पहिला सांगावा, यांना दुसरा. तिसरा अतिचार विस्मय. दुसऱ्याचं वैभव पाहून डोळे विस्फारणं, मन अस्वस्थ होणं. मला वाटतं दुसऱ्या गाडीचा खरा जन्म इथे होतो. यांच्या मित्राने दिवाळीत दुसरी घेतली. त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२५ मध्ये, बातमी आली होती की आपल्या समाजातल्या व्यापारी संघटनेच्या सभासदांनी देशभरात मिळून १८६ महागड्या गाड्या घेतल्या आणि एकत्र खरेदीमुळे २१ कोटी रुपये वाचवले. सगळ्या ग्रुपवर अभिमानाने फिरली. मीही एका ठिकाणी टाळ्या वाजवणारं चित्र टाकलं, मग काढलं. घासाघीस करून पैसे वाचवणं हा आपला गुणच आहे, त्याची मला लाज नाही. पण वाचवले २१ कोटी हे सगळ्यांनी वाचलं, त्यासाठी खर्च किती झाला ते कुणी विचारलं नाही.

अक्षय्य तृतीयेला बुकिंग करायचं यांच्या मनात होतं. मुहूर्त चांगला म्हणून शोरूमवाल्यांनीच सुचवलेलं. सासूबाईंनी विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं रे? भगवान ऋषभदेवांना राजा श्रेयांसाने उसाचा रस दिला, कितीतरी महिन्यांनी पहिला आहार झाला. देण्याचा दिवस. हे काही बोलले नाहीत. बुकिंग त्या दिवशी झालं नाही.

म्हणून माझं मत, आणि ते मी घरी जेवढ्या स्पष्ट सांगितलं तेवढंच इथे लिहिते. यांनी दुसरी स्पोर्ट्स कार घेऊच नये असं मी म्हणत नाही. ज्याने घाम गाळला त्याला हौस असू नये असं आपल्या धर्मानेही म्हटलेलं नाही, त्याने मोज म्हटलं आहे. एम२ चांगली गाडी आहे, पहिलीला खरी पूरक आहे, मी ती चालवूनही बघेन. पण दुसऱ्या स्पोर्ट्स कारला जागा करायची तर ती पहिल्या स्पोर्ट्स कारच्या जागेतून करा. स्वयंपाकघरातून नको, पाठशाळेच्या मुलांच्या सीटमधून नको, माझ्या चावीच्या खिळ्यावरून नको. हौसेच्या खात्यातली भर हौसेच्या खात्यातूनच वळती करा. ९११ विका, एम२ घ्या. पैसे उरतील, ते कुठे द्यायचे ते आपण दोघं मिळून ठरवू. किंवा ९११ ठेवा आणि आणखी चार वर्षं चालवा, इंजिन अजून नीट मोकळंही झालेलं नाही. दोन्ही ठेवायच्याच असतील तर महाराजांकडे जाऊन सरळ सांगा, आमचा आकडा पाच करायचा आहे. आकडा वाढवणं कमीपणाचं वाटेल, पण निदान ते उघड असेल.

एक परीक्षाही मी सुचवली. दोन महिने, रविवारी पहाटे उठून खरंच गाडी बाहेर काढायची. आठ रविवारांपैकी किती वेळा निघाली ते भिंतीवरच्या पंचांगात खूण करायची. ज्याच्याकडे दोन चाव्या टांगलेल्या असतात तो शेवटी एकच उचलतो, हे मी माझ्या पैठण्यांवरून सांगू शकते. अकरांपैकी दोनच नेसल्या जातात.

यांना माझं बोलणं आवडलं नाही. दोन दिवस अबोला होता. मुलाने मध्यस्थी केली, "आई, तू वॅगन-आर नको विकू, माझी नेक्सॉन दे." मी म्हटलं तुझी नोकरी एमआयडीसीत, तू काय घोड्यावर जाणार? सासूबाई आत गेल्या आणि कपाटातून ती वही काढून टेबलावर ठेवून परत गहू निवडायला बसल्या.

पंचांगावर सध्या पाच रविवार झाले आहेत आणि तीन खुणा आहेत. एका रविवारी यांचा गुडघा दुखत होता आणि एका रविवारी पन्हाळ्याच्या रस्त्यावर मॅरेथॉन होती म्हणून रस्ता बंद. तो धरायचा की नाही यावर वाद चालू आहे. काल एक माणूस ९११ ची किंमत करायला आला होता. किलोमीटर बघून म्हणाला, "साहेब, ही तर वापरलेलीच नाही." यांनी त्याला आकडा विचारला, ऐकून घेतला आणि गाडीवर कव्हर घातलं, स्वतःच्या हाताने, चारी कोपरे ओढून. विकणार का, ते मला अजून सांगितलेलं नाही.

मी वॅगन-आरचा विमा या आठवड्यात करून घेतला आहे. तुमच्याकडे वहीत किती आहेत आणि दारात किती, ते कळवा. कुणाकडे परिमाण वाढवून घेतल्याचा अनुभव असेल तर तोही लिहा, तेव्हा महाराजांनी काय विचारलं होतं ते मला समजून घ्यायचं आहे.